मनगटावरची अक्षरे आणि त्यांचा वाचक: वैद्यकीय ओळखपट्टीचा इतिहास

दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. १९२१ मध्ये या स्मारकाची पायाभरणी झाली आणि १९३१ मध्ये त्याचे अनावरण झाले. दगडावर नावे कोरण्याची प्रथा फार जुनी आहे. परंतु ज्या महायुद्धाच्या स्मृतीसाठी हे स्मारक उभे राहिले, त्या युद्धाने आणखी एका ठिकाणी नाव कोरण्याची पद्धत पक्की केली. ते ठिकाण म्हणजे सैनिकाच्या गळ्यातील लहानशी चकती.

त्याआधी, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन गृहयुद्धात, काही सैनिक आपले नाव कागदाच्या तुकड्यावर लिहून तो कोटाला टाचून लढाईत उतरत. आपण मारले गेलो तर निनावी पुरले जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असे. १९०६ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने धातूची ओळखचकती अधिकृत केली. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्याने प्रत्येक सैनिकाला दोन चकत्या दिल्या. सैनिक मरण पावल्यास एक चकती नोंदीसाठी काढून घेतली जाई व दुसरी मृतदेहाबरोबर राही. म्हणजे आरंभी ही चकती मृताची ओळख सांगण्यासाठी होती. ‘हा कोण होता?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर ती देत असे.

दुसऱ्या महायुद्धात तिचे काम बदलले. अमेरिकन सैनिकांच्या चकतीवर नाव व क्रमांकाच्या जोडीला रक्तगट आणि धनुर्वाताची लस टोचल्याचे वर्ष कोरले जाऊ लागले. मृताला या दोन्ही गोष्टींचा काहीच उपयोग नव्हता. त्या होत्या जखमी पण जिवंत सैनिकासाठी, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या डॉक्टरासाठी. ‘हा कोण?’ या प्रश्नाशेजारी आता ‘याला काय द्यावे आणि काय देऊ नये?’ हा प्रश्न येऊन बसला. आज ज्याला वैद्यकीय ओळखपट्टी किंवा ‘मेडिकल आयडी’ म्हणतात, त्या कड्याचा वा पदकाचा विचार या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो.

नागरी जीवनात हाच प्रश्न एका औषधामुळे तीव्र झाला होता. १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि तोवर ज्यांचा मृत्यू अटळ मानला जाई असे मधुमेही जगू लागले. पण इन्सुलिनने वाचवलेल्या माणसापुढे नवे संकट उभे राहिले. मात्रा जास्त झाली किंवा जेवण चुकले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. हात थरथरतात, पाय लटपटतात, बोलणे अडखळते, माणूस असंबद्ध वागतो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. रस्त्यावरच्या माणसाला तो मद्यपी वाटतो. त्याला साखर देण्याऐवजी लोक त्याच्यापासून दूर होतात. म्हणूनच ‘मी मधुमेही आहे, मी विचित्र वागत असेन तर मला साखर द्या’ अशा आशयाचे कार्ड खिशात बाळगण्याचा सल्ला मधुमेहींना दिला जाऊ लागला. औषध प्रभावी झाले, तशी त्याच्याविषयीची माहिती रुग्णाच्या अंगावर असण्याची गरजही वाढली.

या गरजेला दागिन्याचे रूप मिळाले ते कॅलिफोर्नियातील टर्लॉक या छोट्या गावात. १९५३ मध्ये तेथील डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या लिंडा या १४ वर्षांच्या मुलीच्या बोटाला मोठी जखम झाली. त्या काळी अशा जखमेनंतर धनुर्वाताचे प्रतिविष टोचत असत. ते घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार केलेले असे. काही माणसांचे शरीर या परक्या प्रथिनांविरुद्ध इतक्या वेगाने उसळते, की श्वासनलिका आकुंचन पावतात, रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये या प्रतिक्रियेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले होते. हा धोका ठाऊक असल्यामुळे पूर्ण मात्रा देण्याआधी त्वचेवर अल्पशा द्रवाची चाचणी घेण्याची पद्धत होती. लिंडाच्या बाबतीत त्या चाचणीनेच घात केला. तेवढ्याशा द्रवाने ती मरणाच्या दारी पोहोचली आणि मोठ्या प्रयत्नांनंतर वाचली.

पुढे मुलगी घराबाहेर जाई तेव्हा आईवडील तिच्यासोबत या धोक्याची चिठ्ठी देत. पण कागद फाटतो, भिजतो, हरवतो. शेवटी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सराफाकडून चांदीचे कडे घडवून घेतले आणि ॲस्पिरिन, सल्फा व धनुर्वाताचे प्रतिविष आपल्याला चालत नाही, एवढा मजकूर त्यावर कोरून घेतला. १९५६ मध्ये मॅरियन आणि क्रिसी कॉलिन्स या दांपत्याने ‘मेडिक अलर्ट’ ही ना-नफा संस्था सुरू केली. कड्यावर धोक्याचा मोजका उल्लेख, सदस्याचा क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक असे. सविस्तर माहिती संस्थेच्या नोंदींत असे आणि ती चोवीस तास विचारता येई. म्हणजे कडे ही माहितीची पेटी नव्हती, तर त्या पेटीची किल्ली होती.

१९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा वस्तूंसाठी सर्वांनी वापरावे असे चिन्ह तयार केले. सहा भुजांचा तारा आणि त्यात सर्पाने वेढलेला, वैद्यकदेवता ॲस्क्लिपिअसचा दंड असे त्याचे स्वरूप होते. पुढे अमेरिकेत रुग्णवाहिकांसाठी जो निळा ‘स्टार ऑफ लाइफ’ ठरला, तो याच चिन्हावरून घेतलेला आहे. आज दिल्लीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या अनेक रुग्णवाहिकांवर तो तारा दिसतो. तो तारा मुळात गाडीसाठी नव्हे, तर रुग्णाच्या मनगटासाठी काढलेल्या चिन्हाचा वंशज आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

शरीर काय लपवू शकते, याचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण याच सुमारास मुंबईत सापडले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. पुढे तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. बहुतेक सर्व माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा पायाभूत घटक असतो. ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक त्यावरच बांधले जातात. ज्याच्या पेशींवर केवळ ‘एच’ आहे, त्याचा गट ‘ओ’. बॉम्बे गटाच्या व्यक्तीकडे हा ‘एच’ घटकच नसतो. परिणामी नेहमीच्या चाचणीत तिचे रक्त ‘ओ’ दिसते. प्रत्यक्षात मात्र तिच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात आणि ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ती त्या पेशी फोडून टाकतात. भारतात सुमारे १०,००० माणसांमागे एकाचा हा गट असतो.

मोठ्या अपघातानंतर रक्तस्राव भरात असतो तेव्हा जुळवणी-चाचणीची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. अशा वेळी जगभर ‘ओ’ गटाचे रक्त देऊन सुरुवात करतात. इतरांसाठी जीवनदायी असलेली ही पद्धत बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी प्राणघातक ठरू शकते. शुद्धीवरचा माणूस डॉक्टरांना सावध करील. बेशुद्ध माणसाच्या वतीने हे सांगणार कोण?

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. काही गोष्टी शरीर झटपट कबूल करते. रक्तातील साखर बोटाच्या टोकावरील एका थेंबातून काही सेकंदांत कळते. पण पेनिसिलिन चालत नाही, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, हिमोफिलिया आहे, अधिवृक्क ग्रंथी निकामी असल्यामुळे संकटकाळी स्टेरॉइड न दिल्यास जीव जाईल, या गोष्टी पहिल्या काही मिनिटांत कोणतेही यंत्र सांगत नाही. ओळखपट्टीचे खरे क्षेत्र हेच आहे. भारतात मात्र वाहन परवान्यावर आणि शाळांच्या ओळखपत्रांवर आवर्जून छापला जातो तो रक्तगट. रुग्णालय तो छापील गट प्रमाण मानून रक्त देत नाही. ते नव्याने तपासतेच. जे तपासून कळते ते आपण छापतो, आणि जे तपासून कळत नाही ते बहुधा रुग्णाच्या मनातच राहते.

ओळखपट्टीच्या या कथेत एक पात्र गृहीत धरलेले आहे. ते पात्र म्हणजे वाचक. कोणीतरी पडलेल्या माणसाजवळ थांबेल, त्याचे मनगट उलटून पाहील, अक्षरे वाचील आणि त्यानुसार वागेल, असे टर्लॉकच्या कड्याने मानले होते. दिल्लीत हा वाचक सहज मिळणारा नव्हता. त्याला निर्माण करण्यासाठी न्यायालयाची दारे ठोठवावी लागली.

१९५६ मध्येच, म्हणजे ‘मेडिक अलर्ट’ स्थापन झाली त्या वर्षी, संसदेच्या कायद्याने दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था म्हणजे ‘एम्स’ उभी राहिली. राजधानीत उत्तम डॉक्टर होते, पण अपघाती रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये पोलिसी प्रक्रियेची भिंत होती. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला कोणीतरी जवळच्या रुग्णालयात नेले. वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणे हाताळण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून डॉक्टरांनी त्याला सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले. तो वाटेतच मरण पावला. या घटनेच्या वृत्तपत्रातील बातमीवरून पंडित परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. त्याच सुमारास दिल्लीत ‘कॅट्स’ ही केंद्रीय रुग्णवाहिका सेवा आकाराला येत होती. १९९१ मध्ये ती सुरू झाली. २००६ मध्ये ‘एम्स’च्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरचे उद्घाटन झाले.

डॉक्टराचा हात मोकळा झाला, तरी रस्त्यावरच्या माणसाचा हात बांधलेलाच होता. २००७ मध्ये शाळेतून घरी परतणारा एक १७ वर्षांचा मुलगा वाहनाच्या धडकेने जखमी होऊन रस्त्यावर पडून राहिला. येणारेजाणारे थांबले, पण मदत मिळाली नाही आणि त्याचा मृत्यू झाला. त्याचे नातेवाईक पीयूष तिवारी यांनी २००८ मध्ये ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ स्थापन केले. जखमीला हात लावला तर पोलीस ठाण्याचे हेलपाटे, न्यायालयाच्या तारखा आणि रुग्णालयाचे बिल आपल्या गळ्यात पडेल, ही सामान्य माणसाची भीती निराधार नव्हती. या संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून संसदेने तिला कायद्याचे बळ दिले. जखमीचे मनगट उलटून पाहण्याची मुभा दिल्लीकराला अशी टप्प्याटप्प्याने, न्यायालयाच्या निर्णयांतून मिळाली.

राजधानी क्षेत्रात ही मुभा विशेष महत्त्वाची आहे. गाझियाबादला राहणारा माणूस गुरुग्रामला नोकरी करतो आणि दिल्लीच्या मेट्रोत कोसळतो. तीन राज्यांच्या तीन यंत्रणा त्याच्या दिवसाला स्पर्श करतात. २००४ मध्ये दिल्ली व शेजारच्या राज्यांच्या पोलिसांनी ‘झिपनेट’ हे सामाईक जाळे उभारले, ते हरवलेल्या व अनोळखी माणसांच्या नोंदी एकमेकांना दिसाव्यात म्हणून. उंची, बांधा, कपडे, अंगावरील खुणा यांवरून माणूस शोधला जातो. पण ही ओळख लागेपर्यंत रुग्णालयात तो ‘अज्ञात’ या नावाने दाखल असतो आणि त्याची औषधे, त्याचे आजार हेही तितकेच अज्ञात असतात.

एवढे असूनही भारतात वैद्यकीय ओळखपट्टी विरळाच दिसते. किंमत हे त्याचे कारण म्हणता येत नाही. पोलादी पट्टीवर चार शब्द कोरणे महाग नाही. खरे कारण आजार उघड होण्याच्या भीतीत आहे, आणि त्या भीतीला दीर्घ काळ कायद्याचाही आधार होता. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती वैध विवाहाच्या अटींत बसत नव्हती. हा उल्लेख १९९९ मध्ये वगळला गेला. म्हणजे २३ वर्षे अपस्मार हा शब्द मनगटावर मिरवणे म्हणजे विवाहाविरुद्धचा पुरावाच अंगावर बाळगण्यासारखे होते. कायदा बदलला, पण घराघरांतील कुजबुज इतक्या लवकर बदलत नाही. लग्नाळू मुलीच्या हातात असे कडे घालण्यास आईवडील आजही कचरतात.

दुसरी अडचण मनगटाच्या गर्दीची आहे. दिल्लीच्या मनगटावर आधीच कडे असते, मौलीचा लाल धागा असतो. गळ्यात ताईत किंवा देवाचे पदक असते. त्यांत आणखी एक चकती दिसली तर ती श्रद्धेची वस्तू समजून कोणी उलटून पाहत नाही. तातडीच्या विभागात तर रुग्णाचे दागिने सुरक्षित राहावेत म्हणून उतरवून, नोंद करून नातेवाइकांकडे दिले जातात. ओळखपट्टी दागिन्यासारखी दिसावी, म्हणजे घालणाऱ्याला संकोच वाटणार नाही, हा तिचा मूळ गुण. तोच येथे दोष ठरू शकतो. त्यामुळे ती सुबक असावी, पण तिच्यावरील सर्पदंडाचे चिन्ह ठळक आणि वेगळ्या रंगाचे असावे.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. दिल्लीतील मराठी माणसाने ‘मधुमेह’ असे कोरले तर हिंदीभाषक वाचकाला ते जसेच्या तसे कळेल. लिपीही एक आणि शब्दही एक. ‘अपस्मार’ कोरले तर मात्र तो बुचकळ्यात पडेल, कारण त्याच्या ओळखीचा शब्द ‘मिरगी’ आहे. औषधांची नावे इंग्रजी अक्षरांत असलेली बरी, कारण ती वाचणारे परिचारिका व डॉक्टर असतात. पट्टीवर काय लिहावे हे ठरवण्याआधी ती कोण वाचणार, हे ठरवावे लागते.

नव्या काळाने या इतिहासात नवे पान जोडले आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक रुग्णाच्या विविध ठिकाणच्या नोंदी एका धाग्यात ओवतो. कॉलिन्स दांपत्याने कडे आणि नोंदवही यांची जी सांगड घातली होती, तिचेच हे राष्ट्रीय रूप म्हणता येईल. मात्र या नोंदी रुग्णाच्या संमतीने उघडतात आणि ती संमती साधारणतः त्याच्याच मोबाइलवरून दिली जाते. गोपनीयतेसाठी हे आवश्यकच आहे. पण बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही. म्हणून मोठ्या नोंदवहीच्या जोडीला चार उघड शब्दांची गरज उरतेच. मुंबईत २०२३ मध्ये हरवलेला एक १२ वर्षांचा विशेष मुलगा गळ्यातील क्यूआर कोडच्या पदकामुळे काही तासांत घरी पोहोचला. तेथेही पदकाइतकेच महत्त्व होते ते पदक पाहून मोबाइल पुढे करणाऱ्या माणसांना.

या गरजेचा आवाका किती, हे मधुमेहाच्या दोन आकड्यांवरून दिसते. १९७२ ते १९७५ या काळात ‘एम्स’चे डॉ. एम. एम. एस. आहुजा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या बहुकेंद्री पाहणीत शहरी भागात २.१ टक्के आणि ग्रामीण भागात १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने हे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोक, असे नोंदवले. यांतील प्रत्येकाला कड्याची गरज नाही. पण इन्सुलिन घेणारे, आणि मधुमेहापलीकडे तीव्र ॲलर्जी, अपस्मार, हिमोफिलिया, अधिवृक्क ग्रंथींचे विकार, दुर्मीळ रक्तगट असलेले किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणारे, यांनी आपल्या डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे. पट्टीवर मजकूर थोडकाच असावा: आजार, न चालणारे औषध, न थांबवता येणारे औषध आणि घरच्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक. उपचार बदलले की मजकूरही बदलावा; जुनी पट्टी चुकीची साक्ष देते.

आणि ज्यांना कोणताही आजार नाही, त्यांनाही या इतिहासात काम आहे. रस्त्यात, मेट्रोच्या फलाटावर किंवा महाविद्यालयाच्या आवारात कोणी कोसळले, तर रुग्णवाहिका बोलावताना त्याची दोन्ही मनगटे आणि गळा एकदा पाहावा. सर्पदंडाचे चिन्ह दिसले तर त्यामागील अक्षरे मोठ्याने वाचून दूरध्वनीवरील माणसाला सांगावीत, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती पट्टी रुग्णाच्या अंगावरून उतरणार नाही एवढे पाहावे. असे करणाऱ्याला आज कायद्याचे संरक्षण आहे.